घासून काढलेलं नाव

तांब्यातलं पाणी लंकाबाईंनी प्यायलंच नाही. फुलपात्रात ओतून घेतलं, ओठ ओले केले आणि तांब्या परत ताटलीत ठेवायच्या ऐवजी मांडीवर घेऊन बसल्या. पाथर्डी फाट्याजवळच्या त्या रो-हाउसच्या दिवाणखान्यात पुरुषमाणसं रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत होती. लंकाबाईंचा अंगठा तांब्याच्या पोटावरून फिरत होता. डावीकडून उजवीकडे. परत डावीकडे.

दगडू कृष्णा सोनवणे, सटाणे. सन १९४९.

डोळे मिटूनसुद्धा त्यांना ते वाचता आलं असतं. आणि नेमकं तिथंच चुकत होतं. पंचाहत्तर वर्षं राखेनं, चिंचेनं, काथ्यानं घासलेल्या तांब्यावरचं नाव बोटाला लागत नाही. ते उजेडात तिरपं धरून शोधावं लागतं. इथं तर नख अडकत होतं.

"अक्काला भांडं द्या आणि गंमत बघा," रंगनाथ म्हणाला. "पाणी नाय पीत ती. भांडंच पिते."

सगळे हसले. मुलीचे वडील खंडेराव जरा जास्तच हसले, असं लंकाबाईंना वाटलं.

*

या बाईंना इथं कशाला आणलं होतं, ते आधी सांगून टाकू.

लंकाबाई रंगनाथची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मातोरीला, भावाच्या मळ्यात. गुलाब, शेवंती, दसऱ्याला झेंडू. भावजय त्याआधीच गेलेली, त्यामुळे शेखरला आई म्हणा, आत्या म्हणा, ह्याच. मुलगी बघायला जायचं तर बरोबर एक बाईमाणूस हवं. म्हणून आणलं होतं. विश्वास होता म्हणून नव्हे. विश्वास चार वर्षांपूर्वीच उडाला होता.

तीही गोष्ट थोडक्यात. घरात ती पूर्ण कुणी सांगत नाही.

एका दलालानं गंगेपलीकडे, नदीच्या त्या काठाला, दोन खोल्यांचं घर दाखवलं होतं. तिथं मामा होते, मावशी होती, भिंतीवर हार घातलेले आजोबा होते. मुलगी मनीषा. लंकाबाईंनी शिरा खाल्ला, मुलीची हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, "घर चांगलं हाय. करून टाका." देवळात लग्न झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी मनीषा नव्हती, डोरलं नव्हतं आणि गंगेपलीकडच्या खोल्यांना कुलूप होतं. मामा भाड्याचे, मावशी भाड्याची. फोटोतले आजोबासुद्धा दुसऱ्याच कुणाचे तरी असणार.

तेव्हापासून गुलाबावर भुरी आली, म्हैस आटली, मोटार जळाली, काहीही झालं तरी रंगनाथ एवढंच म्हणायचा, "अक्काची पारख!"

शेखर आता चौतिशीला टेकलेला. मातोरीत त्याच्या बरोबरीची निम्मी पोरं अजून बिनलग्नाची. गेल्या वर्षभरात पाच मुली बघून झाल्या, पाचींनी मळा म्हटल्यावर मान फिरवली. ही सहावी, पूजा. हो म्हणेल असं वाटणारी पहिलीच. तिच्याकडे गेलेल्या शेखरच्या बायोडाट्यात लिहिलं होतं: अविवाहित.

"नोंद नाय झाली म्हणजे लग्न नाय झालं," असं रंगनाथनं ठरवून टाकलं होतं. लंकाबाई त्यावर काही बोलल्या नव्हत्या. बोलायचा अधिकार त्यांनी शिऱ्याबरोबर गिळला होता.

म्हणजे आज असं होतं. घर खोटं निघालं आणि आपण गप्प बसलो, तर पोराचं पुन्हा वाटोळं. घर खरं निघालं आणि आपण संशयानं मोडलं, तर पोरगा तसाच राहणार. दोन्हीकडून बोट लंकाबाईंकडेच.

*

श्री. दगडू कृष्णा सोनवणे, सटाणे. सन १९६८.

हे घंगाळावर. घंगाळ जिन्याखाली ठेवलं होतं, पाणी भरून, वर गुलाबाच्या पाकळ्या. फुलवाल्यांच्या घरचे येणार म्हणून मुद्दाम. पाकळ्या परवाच्या होत्या. कडा चहासारख्या झालेल्या. ते जाऊ दे.

पण १९४९ सालचा "दगडू" आणि १९६८ सालचा "दगडू" एकाच हातानं घातले होते. एकोणीस वर्षांत माणसाचा हात बदलतो. ह्या माणसाचा बदलला नव्हता. "ड"चं पोट तसंच फुगलेलं, "गडू" संपता संपता तसाच खाली ओढलेला फराटा.

"हिच्या माहेरचं आहे सगळं," खंडेराव बायकोकडे बघत म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

*

हिरामण, म्हणजे लंकाबाईंचे यजमान, भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसायचे. पायाशी गोणपाट, हातात बोटभर छिन्नी आणि सुपारीएवढं डोकं असलेली हातोडी. लग्नसराईत बाया, बापे भांडी घेऊन रांगेत उभे. टक टक टक टक, ठिपक्याला ठिपका लावत नाव उमटायचं. कुणी कुणाला काय दिलं, कुठल्या गावचं, कुठल्या साली. मोलकरणीनं नेलं, शेजारणीकडे राहिलं, भावाभावांत वाटणी झाली, तर भांडं स्वतःच सांगेल आपण कुणाचं. तीस वर्षं लंकाबाईंनी त्यांचा डबा नेला आणि शेजारी बसून अक्षरं पाहिली. स्वतःच्या सहीपलीकडे त्या फार लिहीत नसत, पण भांड्यावरचं कुठलंही नाव कुणाच्या हातचं, ते लांबून सांगत.

नव्वदच्या आसपास बाजारात विजेवरचं मशीन आलं. हिरामणांना त्याचा राग नव्हता, हसू यायचं. "नळ गळल्यासारखं अक्षर," म्हणायचे. "थेंब मोजता येत नाय आणि धार म्हणता येत नाय."

तांब्यावरचा दगडू कृष्णा सोनवणे नळासारखा गळत होता. एकोणीसशे एकोणपन्नास साली.

*

चाल बरं जरा. वळ. आता ह्या ओल्या पायानं फरशीवरून ये, ठसा बघू दे. वेणी सोड, आमच्यात गंगावन चालत नाय, केस तुझेच ना? सुईत दोरा ओव. हे वाच. मोठ्यानं. हसू नको. नाव काय? मोठ्यानं. मामाचं गाव? मामाचं नाव? मामा काय करतो? आजोळ नीट सांगता येत नाय का पोरीला?

एकोणीसशे एकोणऐंशी. लंकाबाईंना बघायला आले होते. लंकाबाईंना मान वर करायची परवानगी नव्हती, म्हणून नवऱ्या मुलाचे फक्त हात दिसले. नखांत पितळेचा काळा मळ. हात गुडघ्यावर स्वस्थ होते. एवढ्यावर त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता मुलगी ट्रे घेऊन येत नाही. पूजा आधीच येऊन बसली होती, साध्या कुर्त्यात, पायावर पाय. माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते म्हणे.

"तुमच्या मातीचा सामू, पीएच, किती आहे?" तिनं शेखरला विचारलं.

"साडेसात," शेखर म्हणाला. तासाभरात तो बोललेला हा एकच शब्द.

"जास्त आहे गुलाबाला."

शेखरनं मान डोलावली. लंकाबाईंना दोघं आवडली. त्यामुळे त्या आणखीच सावध झाल्या. मागच्या वेळीही मुलगी आवडलीच होती.

*

चि. सौ. कां. मंजुषा हिस आजीकडून. १९९७.

ही फणेरपेटी, टीव्हीशेजारी. आत आरसा, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. पेटी शिसवी, जुनी, खरी. झाकणावर पितळेची पट्टी, तीवर हे नाव. पुन्हा तेच "ड"वाल्याचं अक्षर. म्हणजे एकोणपन्नासला ज्यानं नाव घातलं, त्यानंच अडुसष्टला घातलं आणि त्यानंच सत्त्याण्णवला. मोठा दीर्घायुषी माणूस.

लंकाबाईंनी मुलीच्या आईकडे पाहिलं. मंजुषा पन्नाशीच्या आतली, नीटस, साडीचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करणारी. फुलबाजारात सटाण्याकडच्या बायका लंकाबाईंनी उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिल्या होत्या. कितीही वर्षं शहरात राहिल्या तरी माहेरची बोली कानावर पडली की त्यांचं तोंड उमलतं.

"तुमनं माहेर सटाणानं शे ना?" लंकाबाईंनी हसून तिकडच्याच बोलीत विचारलं.

मंजुषाचं तोंड उमललं नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"हो, सटाण्याचं," ती म्हणाली. "पण मी लहानपणापासून इकडेच. शिकायला."

"मामा असतील ना तिकडं?"

"होते."

"आता?"

"चहा थंड होतोय, घ्या ना," खंडेराव म्हणाले.

रंगनाथनं बहिणीकडे डोळे वटारून पाहिलं. म्हणजे, अक्का, पुरे. लंकाबाई उठल्या. तांब्या हातातच होता.

"चल गं मंजुषा, मला तुझं स्वयंपाकघर दाखव."

*

स्वयंपाकघरात मिक्सर होता, पाण्याचं मशीन होतं, स्टीलची भांडी होती. पितळ एकही नव्हतं. लंकाबाईंनी दार लोटून घेतलं.

"हे कधी घातलंस?"

"काय?"

"नाव. ह्या तांब्यावरचं. दिवाळीनंतर घातलंय का आधी?"

मंजुषा ओट्याला टेकली. हात पदराकडे गेला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भांड्यानं. तांब्या जुना हाय, नाव कोरं हाय. आणि ही बघ," लंकाबाईंनी तांब्या खिडकीकडे धरला, "ह्या नावाच्या खाली घासलेली जागा. घासायच्या मशीनच्या पट्ट्यावर धरून कुणाचं तरी नाव काढून टाकलंस आणि आपलं घातलंस. तिन्ही भांड्यांवर एका दिवशी, एका दुकानात. बाई, एवढं करायचं तर तीन दुकानं तरी फिरायची."

मंजुषा हसली. रडायच्या आधी हसतात तसं. पण रडली नाही, आणि हेही लंकाबाईंनी टिपून ठेवलं.

"मला माहेर नाही," ती म्हणाली. "मी इथल्याच एका अनाथाश्रमात वाढले. दीड वर्षाची होते, कुणी आणून सोडलं माहीत नाही. ह्यांनी माझ्याशी लग्न केलं म्हणून ह्यांच्या घरच्यांनी ह्यांना तोडलं. आमचं काही अडलं नाही. पूजाचं अडलं. दोन स्थळं आली, दोन्हीकडच्या बायकांनी पहिला प्रश्न तोच विचारला. मामा कोण, आजोळ कुठलं. खरं सांगितलं. परत फोन आला नाही."

"आणि दगडू कृष्णा?"

"आश्रमात स्वयंपाकाला सरुबाई होत्या. सटाण्याच्या. त्यांच्या वडिलांचं नाव. सरुबाई सांगायच्या, आमच्या बाबांच्या घंगाळात दोन पोरं बसून आंघोळ करायची. मला लहानपणी वाटायचं, त्यातलं एक पोर मी." तिनं नाक पुसलं. "जुन्या बाजारातून आणली भांडी. पूजा नको म्हणत होती. तिचं ह्यात काही नाही."

गोष्ट चांगली होती. लंकाबाईंचा हात तिच्या खांद्याकडे निघाला. आणि लगेच मनात आलं, गोष्ट चांगलीच असणार. भाड्याची मावशीसुद्धा चांगलीच रडली होती.

मग त्यांनी तांब्यात हात घातला.

मशीन नुसतं वरून खरवडतं. छिन्नीनं मारलेला ठिपका पत्र्याला आत ढकलतो, आणि बाहेरून कितीही घासा, आतली बारीक पुटकुळी राहते. बोटं आतून उलटं वाचत गेली. एक बाई होती. पुढचं नाव लागेना. मग गाव: लासलगाव, निम्मंच. पुढे काहीतरी होतं, हिस का हीस. हिरामणांचा हात नव्हता. कुणा उतावळ्या माणसाचा होता, ठिपके वेडेवाकडे.

म्हणजे बाजारातून आणलं हे खरं होतं. बाकीचं खरं असेल, नसेलही. तांब्या त्यापलीकडे काही सांगत नव्हता.

"कुणाचं होतं?" मंजुषानं विचारलं. "मी त्या दुकानदाराला वाचू दिलं नाही. म्हटलं, आधी घासा, मग बोला."

"लासलगावच्या कुणा बाईचं."

मंजुषानं पदर सारखा केला. मग तिनं सरळ लंकाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं.

"मी खोटं बोलले ते नावापुरतं. तुमच्याकडचं असं काही आहे का, आत्याबाई? असेल तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही. मला तो हक्कच नाही."

"नाय," लंकाबाई म्हणाल्या.

फार पटकन म्हणाल्या. खंडेरावांच्या हसण्यासारखं.

*

स्वयंपाकघराच्या दारापासून सोफ्यापर्यंत सात-आठ पावलं. त्यात लंकाबाईंनी जी वाक्यं तयार केली, ती ही.

रंगनाथ, ऊठ, भांडी खोटी हायत. (हे म्हटलं असतं तर चार वर्षांची "अक्काची पारख" तिथल्या तिथं पुसली गेली असती. जीभ शिवशिवत होती.)

घर चांगलं हाय, करून टाका. (हे वाक्य त्या पुन्हा आयुष्यात उच्चारणार नव्हत्या.)

विचार करून कळवतो. (म्हणजे नाही.)

"काय अक्का?" रंगनाथनं विचारलं. आवाजात साखर, डोळ्यांत धाक. "कसं वाटलं घर?"

सगळे बघत होते. मंजुषा दारातच थांबली होती, तिचा हात पदरावर. लंकाबाई बसल्या नाहीत.

"घराचं मागनं बोलू," त्या म्हणाल्या. "शेखरचं एक लग्न झालेलं हाय."

खंडेरावांनी कप खाली ठेवला.

"अक्का!"

"चार वर्षं झाली. देवळात झालं. बायको तिसऱ्या दिवशी गेली. कागदावर आम्ही अविवाहित लिवलं, ते खोटं."

"नोंद नाय झालेली!" रंगनाथ उभाच राहिला. "खंडेराव, आईशप्पत, नोंद नाय! अहो, फसवलं आम्हाला. दलालानं आणलेली पोरगी. डोरलं घेऊन पळाली. आणि पसंत कुणी केली होती? ह्या बाईनं! शिरा खाऊन! चोरटी घरात आणली हिनं, आणि आज इथं मलाच..."

खंडेराव सोफ्याच्या काठावर आले. बहुतेक उठायच्या बेतात होते. तेवढ्यात पूजा बोलली, आणि ती बापाशी बोलली नाही, रंगनाथशी बोलली नाही. शेखरशी बोलली.

"तीन दिवस होती ना? तिच्याशी काय बोललात?"

शेखर जमिनीकडे बघत होता. ह्याला आता तोंड फुटणार नाही, असं लंकाबाईंना वाटलं. तो असाच. रोपांशी बोलतो.

"ती पळाली नाही," शेखर म्हणाला.

"काय?" रंगनाथ.

"मी सोडून आलो. द्वारका चौकात. धुळ्याच्या गाडीत बसवून दिलं. सकाळी, तुम्ही फुलं घेऊन बाजारात गेला होतात तेव्हा."

"आणि डोरलं?"

"मीच दिलं. तिच्याकडे काहीच नव्हतं. त्या दलालानं तिचा फोनसुद्धा काढून घेतला होता." त्यानं एकदा वर पाहिलं, पूजाकडे, आणि पुन्हा खाली. "तिला लहान पोर होतं. अंगावर पिणारं. ते अडकवून ठेवून तिला उभं केलं होतं लग्नाला. दुसऱ्या दिवशी मळ्यात तिनं सांगितलं. तिला ताप होता. दूध भरून ताप आलेला."

गंगेपलीकडच्या त्या खोलीत मुलीची हनुवटी वर करताना लंकाबाईंनी ब्लाउजवरचा ओला डाग पाहिला होता. पाणी सांडलं असेल, असं म्हणून त्यांची नजर पुढे सरकली होती. भिंतीवरच्या आजोबांकडे. चार वर्षं त्या रोज आठवत बसल्या होत्या की आपलं काय बघायचं राहिलं. मामांचे बूट? मावशीचं हसणं? आजोबांची पगडी? काहीच राहिलं नव्हतं. बघितलं होतं, आणि ओळखलं नव्हतं.

"अरे गाढवा," रंगनाथ म्हणाला. आवाज बसला होता. "मग सांगितलं का नाय?"



"मी सांगू?" पूजा म्हणाली. "सांगितलं असतं तर बोलणी ह्यांना बसली असती. नाही सांगितलं तर ती आत्यांना बसणार होती. चार वर्षं बसली. बरोबर?"

"पूजा," मंजुषा दारातून म्हणाली.

"बरोबर," शेखर म्हणाला.

"रोज ऐकत होतात?"

"हो."

"आणि जेवत होतात?"

शेखरनं मान आणखी खाली घातली. कान लाल झाले होते. पूजा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. एखादा नमुना चाळणीवर घेऊन बघावा तशी. लंकाबाईंना वाटलं, आता उठेल आणि आत जाईल. तसं झालं असतं तर त्यांनी तिला नावं ठेवली नसती.

"तिला सोडून आलात ते चांगलं केलंत," ती शेवटी म्हणाली. "दुसरं वाईट केलंत. मला अजून काही ठरवता येत नाही. रविवारी मी येते तुमच्या मळ्यावर. एकटी. दिवसभर."

"कशाला?" रंगनाथनं विचारलं.

"बघायला."

"अहो, मुलीनं असं... आपल्यात अशी रीत नाय."

"आपल्यात खोटं लिवायची रीत हाय का?" लंकाबाई म्हणाल्या. मग पूजाकडे वळल्या. "ये. कुणी काय आवरून ठेवणार नाय. मी बघते."

मंजुषा काहीतरी बोलायला पुढे झाली. तोंड उघडलं, लंकाबाईंकडे पाहिलं, टीव्हीशेजारच्या पेटीकडे पाहिलं. लंकाबाई थांबल्या. बोलते का बघू. खंडेराव घसा खाकरले. मंजुषानं तोंड मिटलं आणि हळदीकुंकवाचं तबक आणायला आत गेली.

नाहीच बोलली. लंकाबाईंनी कुंकू लावून घेतलं नाही, विधवा म्हणून त्या हात मागे घेत होत्या. पण मंजुषानं त्यांचा हात धरून हळदीचं बोट लावलंच. तिची बोटं गार होती. भीतीनं की खोटेपणानं, हे गार बोटावरून कळत नाही.

*

परतीची वाट. शेखर गाडी चालवत होता, रंगनाथ त्याच्या शेजारी, लंकाबाई मागे. सातपूरचे कारखाने सुटत होते, दुचाक्यांचा लोंढा दोन्ही बाजूंनी.

"काही म्हण," रंगनाथ म्हणाला, "तू सगळं घालवलंस, पण घर खानदानी होतं. एकोणपन्नास सालचा तांब्या! आपल्याकडं आजोबांचं एक भांडं तरी राहिलंय का? बघितलास ना तांब्या?"

"बघितला," लंकाबाई म्हणाल्या.

"मग? कसा होता?"

हिशेबानं आता सांगायला हरकत नव्हती. एका वाक्याचं काम. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पोरगी रविवारी येणार आहे. आईचं खोटं तिनं आपल्या तोंडानं सांगितलं तर सांगितलं. नाही सांगितलं तर तेव्हा बघू. कुणाच्या माहेरची चौकशी आता त्यांच्याच्यानं होणार नव्हती, निदान रंगनाथच्या कामासाठी तरी.

"जड होता," त्या म्हणाल्या.

रंगनाथला ते उत्तर पुरलं. तो फोन काढून बाजारभाव बघू लागला.

लंकाबाई शेखरच्या मानेकडे बघत होत्या. ही मान लहानपणी, माहेरी आल्या की, त्यांनीच घासून धुतलेली. हिच्यामागे चार वर्षं एवढं मोठं काही लपलं असेल, अशी शंकासुद्धा त्यांना आली नव्हती. भांडी उलटी केली, फोटो आठवले, परक्या बायकांची बोली तपासली. घरातलं पोर कधी उजेडात तिरपं धरून पाहिलं नाही.

"शेखर."

"हं."

"ती पोहोचली का रे? मनीषा. पोराकडं."

गाडी सिग्नलला थांबली होती. सुटायला अजून वेळ होता.

"माहीत नाही," शेखर म्हणाला. "नंतर काही कळलं नाही."

सरळ आवाज. साधा. त्यात खोट होती की नव्हती, लंकाबाईंना मागून ओळखता येईना.

"रंगनाथ," त्या म्हणाल्या, "पुढं गाडी बाजूला घेतली की तू मागं ये. मी तिथं बसते. मला ह्याचं तोंड दिसलं पाहिजे."